संथ गाण्यांचा अल्बम आणि मुग्धाचं स्थळ

माझ्या मुलीचं लग्न पहिल्याच भेटीत मोडायची वेळ आली ती एका अल्बममुळे, आणि तो अल्बम लावला होता मी.

मुग्धाला बघायला देवळाली कॅम्पहून जाधव मंडळी आमच्या सिडकोतल्या घरी आली होती. मुलगा ओंकार, त्याची आई आणि वडील. वडील तोफखान्यातून निवृत्त झालेले सुभेदार. पाणी देऊन होतंय तोच माझा फोन वाजला.

रिंगटोन ऐकून सुभेदार सरसावून बसले. "तुम्हीपण हिच्या फॅन?"

(गायिकेचं नाव सांगत नाही. तिला बिचारीला कशाला यात ओढायचं?)

पाच मिनिटांत आम्ही शाळासोबती असल्यासारखे बोलायला लागलो. नवरा माझ्याकडे बघून समाधानाने मान डोलवत होता. तेवढ्यात सुभेदार म्हणाले, "फक्त तिचा नवा अल्बम काही जमला नाही. सगळीच गाणी संथ. एकावर पाय हलेल तर शपथ."

आता, या अल्बमवरून आमच्या फॅन ग्रुपमध्ये आधीच दोन तट पडले होते. संथ म्हणजे सुंदर म्हणणारे आणि संथ म्हणजे झोप म्हणणारे. पहिल्या तटाची म्होरकी मी.

"तुम्ही तो सलग ऐकला नसेल," मी म्हटलं आणि स्पीकर आणला.

पहिल्या गाण्याची सुरुवात फार हळू आहे. पंख्याच्या आवाजात ती ऐकू येईना, म्हणून मी पंखा बंद केला. एप्रिल महिना होता. ओंकारच्या आईने पदराने वारा घेत मुग्धाला विचारलं, "तुला पुरणपोळी येते का गं?"

"शू," मी म्हटलं, "आता दुसरं कडवं येतंय."

होणाऱ्या विहीणबाईंना मी 'शू' म्हटलं. नवरा पोह्यांच्या बश्या घेऊन आला, तर चमच्यांचा आवाज झाला म्हणून त्यालाही डोळे वटारले. मंडळी घामाघूम होऊन, चमचा न वाजवता पोहे खात होती.

पुढे सुभेदारांनी डोळे मिटले. मी हळूच म्हटलं, "बघा, भिडलं की नाही?"

"अहो ताई," त्यांच्या सौ. म्हणाल्या, "झोपलेत ते."

मी त्यांना हाक मारून उठवलं. हो, उठवलं. "हे चौथं गाणं कसं वाटलं?"

सुभेदार दचकून म्हणाले, "का? पहिलं संपलं का?"

माझं डोकं फिरलं. "ज्या घरात दोन घटका शांतपणे गाणं ऐकवत नाही, त्या घरात माझी मुलगी कशी नांदणार?"

नेमकं तेव्हाच गाणं संपलं. त्या अल्बममध्ये दोन गाण्यांच्या मधे लांबलचक शांतता आहे. ग्रुपवर मी त्या शांततेचं केवढं कौतुक केलं होतं. त्या दिवशी ती संपता संपेना.

सुभेदार उठले, चपला शोधू लागले. नवरा म्हणाला, "साहेब, चहा तरी घ्या." माझी मान वर होईना. तेव्हा लक्षात आलं की मुग्धा आणि ओंकार दोघंही खोलीत नाहीत.

दोघं गॅलरीत सापडली. पंखा बंद झाल्यावर वाऱ्याला म्हणून गेली होती ती तिथेच गप्पा मारत बसली होती.

"आई, आमचं जमतंय," मुग्धा म्हणाली. "पण तू आता काही बोलू नकोस."

सुभेदारांनी पायात घातलेली एक चप्पल काढली. "म्हणजे अल्बम कामाला आला म्हणायचा," ते म्हणाले, आणि पंखा त्यांनी स्वतःच लावला. मी चहा ठेवायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले, ती ते निघेपर्यंत बाहेर आले नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून ओंकारच्या आई-वडिलांची माफी मागितली.

सुभेदार मनाने मोठे. लग्न ठरल्यावर त्यांनीच आग्रह धरला, "एक मंगलाष्टक मुलीच्या आईने म्हणावं." मी महिनाभर सराव केला. लग्नाच्या दिवशी प्रत्येक शब्द मनापासून, जीव ओतून म्हणत होते. हॉल इतका शांत झाला की मला वाटलं, लोक हेलावले.

मग गुरुजी माइकवरच म्हणाले, "ताई, मुहूर्त निघून चाललाय."

सगळा हॉल हसला. अंतरपाटाआड मुग्धाच्या हातातला हारसुद्धा हसून हलत होता. आणि मी अजून दुसऱ्याच ओळीवर होते.