नेलिदाचा डबा आणि ओलं फडकं

२२ जून १९७४, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. नदीकाठच्या पुकाल्पा गावाच्या बाजारामागच्या खोलीत नेलिदा तापुयीमा जुन्या रेडिओंतून काढलेले जर्मेनियम ट्रान्झिस्टर एकेक करून कानाने पारखत होती. आठनंतर ऊन वाढतं, ट्रान्झिस्टर तापतात आणि चांगला कुठला, वाईट कुठला हे कळेनासं होतं. गिटारचा आवाज फाटका, गुरगुरता करणारा, पायाने दाबायचा फझचा डबा या गावात ती एकटीच बनवते. सात वर्षांत ऐंशीच्या वर बनवलेत.

उकाड्यात हे डबे घुसमटतात. म्हणून तिनेच वादकांना सांगून ठेवलं होतं की डबा ओल्या फडक्यावर ठेवा. आता प्रत्येक मंचावर बर्फाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं असतं. डबा बॅटरीवर चालतो तोवर त्यात धोका काहीच नाही.

साडेसातला एर्मेस सांगामा आला. गिटारवादक, तीस वर्षांचा, बोलायला मोकळा.

"मावशी, हा डबा घुमतोय. तुझा हात म्हातारा झाला की काय?"

"हाताचं राहू दे. डब्याला ही शेपटी कसली लावलीस?"

"बॅटऱ्या कुठे मिळतात? बंदरावर एक माणूस ही वायर विकत होता. भिंतीत खुपसायची, झालं. आता प्रवचन नको."

नेलिदाने प्लग भिंतीत लावला आणि टेस्टर डब्याच्या पत्र्याला टेकवला. काही झालं नाही.

"बघ, उगाच घाबरवतेस," एर्मेस म्हणाला.

तिने प्लग काढून उलटा लावला. टेस्टरमधला दिवा लाल पेटला. एर्मेसचा हात डब्याकडे गेला, तेव्हा तिने मनगटावर फटका मारला.

"प्लग असा उलटा लागला की पत्रा, गिटारच्या तारा, सगळ्यांत वीज. वर तू अनवाणी त्या फडक्यावर उभा राहणार आणि माइकला ओठ लावणार."

एर्मेसने हात मागे घेतला. मग हळू आवाजात म्हणाला, "फडकं तर तूच सांगितलंस."

नेलिदाने भिंतीतला प्लग काढला. त्याचं कवच फोडलं. आत भिंतीची वीज अडवून कमी करणारा ट्रान्सफॉर्मर नव्हताच. तिने वायर मुळापासून कापली.

"अशा किती घेतल्यास?"

"दोन. एक रानुल्फोला दिली."

रानुल्फो एर्मेसचा चुलतभाऊ. त्याच्याकडेही नेलिदाचाच डबा. तो काल लाँचने कोंतामानाला गेला होता. सान हुआनच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे उद्या, त्याचा कार्यक्रम. तिथे टेलिफोन नाही. नऊ वाजता नेलिदा एर्मेसला घेऊन रेडिओ केंद्राच्या खिडकीवर उभी होती. नदीकाठच्या गावांतल्या माणसांसाठीचे निरोप तिथे घेतात आणि रेडिओवर वाचतात. तिने लिहून दिलं: "रानुल्फो सांगामा, कोंतामाना. भिंतीची वायर लावू नकोस. फडकं काढ. बॅटरी नसेल तर डब्याशिवाय वाजव. नेलिदा."

"फडकं कसलं?" कारकुनाने विचारलं.

"त्याला कळेल. आजच वाचा."

"आजची यादी भरली, बाई. उद्या. त्याच्याकडे रेडिओ आहे ना?"

"त्याच्याकडे नाही," मागून एर्मेस म्हणाला. "खाणावळीत आहे, बॅटरीवरचा. तिथली बाई लावते कधीकधी."

कारकुनाने कागदावर शिक्का मारला. निरोप उद्या पहाटे पाचला आणि दुपारी एकला वाचले जातील. कोंतामानाचं जनित्र संध्याकाळी सहाला सुरू होतं; भिंतीत वीज तेव्हा येते.