उजव्या कडेचे वडील

लॅपटॉप टीव्हीला जोडायचा, हे मी आईच्या डोळ्यांसाठी ठरवलं. तिच्या नजरेचा मधला भाग गेलाय, कडेचं तेवढं दिसतं. गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मी कामं लिहून काढणारी बाई. घरी येऊन लिहिलं: भिंग, जास्त उजेडाचा दिवा, मोठ्या आकड्यांचा फोन, मोठा पडदा. पहिल्या तिन्हींचा उपयोग झाला नाही, त्यांवर फुल्या पडल्या.

आईला बघायचं होतं एकच: माझ्या मुलीच्या लग्नाच्या व्हिडिओतले माझे वडील. कॅमेरा दिसला की ते बाजूला व्हायचे. या व्हिडिओतही स्टेजवर नाहीत. अक्षता पडताना मांडवाच्या उजव्या खांबाशी, पांढरी टोपी घालून, हात मागे बांधून उभे आहेत, तेवढंच. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले आणि मी आईला जामखेडहून इथे सावेडीत, माझ्या घरी आणलं.

व्हिडिओचा पेनड्राइव्ह टीव्हीत चालेना, म्हणून लॅपटॉप. केबल लावली तर चित्र मधोमध आणि चारी बाजूंनी काळी चौकट. रिमोटने झूम केलं. पडदा भरला, पण कडा गेल्या. लॅपटॉपवर वडील पूर्ण दिसत होते, टीव्हीवर त्यांचं कोपर.

"आले का?" आईने सोफ्यावरून विचारलं.

"थांब, कापले जातायत."

"कापू नको गं बाई. एवढेच हायेत."

नवरा दारातून म्हणाला, "टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाक आता. बोर्ड मी रंगवतो."

"आधी त्या वायरीवरचा पाय काढा."

लॅपटॉपचं रिझोल्यूशन टीव्हीच्या मापाचं केलं. कडा कापलेल्याच. मग टीव्हीच्या मेनूत 'पिक्चर साइज' सापडलं. तिथलं झूम काढून 'स्क्रीन फिट' केलं. चित्र किंचित आत सरकलं, खांब आला आणि खांबाशी वडील आले, टोपीपासून चपलांपर्यंत. मी तिथेच व्हिडिओ थांबवला.

"आई, बघ. उजवीकडे, खांबापाशी."

तिने मान वळवली. "न्हाईत."

"अगं, तिथंच आहेत." मी उठून काचेवर बोट ठेवलं.

"तुजं बोट बी न्हाई दिसत."

मग कंटाळून तिने नवरीकडे बघितलं आणि एकदम म्हणाली, "आले! पांढरं कायतरी हुबं हाय. टोपीच ना?"

"टोपीच."

ती घाईने खांबाकडे वळली. "गेले."

मी खुर्ची पुढे ओढली. चित्र लहान केलं. मग मोठं करून वडील मधोमध येतील असं सरकवलं. काहीही केलं तरी ती ज्याच्याकडे बघायला जाई तोच पुसला जाई.

"जिते हुते तवाबी असंच," ती म्हणाली. "बगाया गेलं की बाजूला." ती हसली, मीही हसले. मग तिने विचारलं, "तोंड कसं हाय? हसत्यात का?"

मी टीव्हीजवळ गेले. चित्र एवढं मोठं झाल्यावर चेहऱ्याचे नुसते चौकोन झाले होते. लॅपटॉपवर बघितलं, तिथे तो तांदळाएवढा. हसतायत की उन्हाने डोळे बारीक केलेत, मलाही सांगता येईना. तसं मी सांगितलं.

आता दुपारी जेवण झालं की ती व्हिडिओ लावायला सांगते. खांबाकडे बघतच नाही. नवरीवर नजर धरून बसते, म्हणजे कडेचं ते पांढरं जरा वेळ उभं राहतं. परवा म्हणाली, आता ते बी मळल्यावानी दिसतंय. मी रिमोट घेतला आणि ब्राइटनेस वाढवायला गेले. तो आधीच शंभरवर होता.