तापाच्या दिवशीचे टोस्ट

वडिलांनी चांद्याहून चीजचा डबा आणला, तो स्वयंपाकघरात यायचा नाही असं आईनं अंथरुणावरूनच सांगितलं. त्यामुळे डबा मागच्या पडवीत फळीवर राहिला, कंदिलाच्या काचा पुसायच्या फडक्यांशेजारी. पाव दुसऱ्या दिवशीच्या मोटारीनं येणार होता. ड्रायव्हर ओळखीचा होता, पण वाटेत पावावर कोणी बसणार नाही याची खात्री तोही देत नव्हता.

वडील आलापल्लीला रेंजर होते. त्यांचे साहेब आणि साहेबांच्या पत्नी दौऱ्यावर येणार होते आणि एक दुपार आमच्याकडे चहाला थांबणार होते. मी मॅट्रिक होऊन नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून घरी आले होते. पाहुण्यांना काहीतरी इंग्रजी पद्धतीचं करावं, हे माझ्या शिक्षणामुळे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. शाळेत आम्हाला वाढदिवसाला चीज आणि टोमॅटो घातलेले टोस्ट मिळत. मी ते खाल्ले होते, केले कधीच नव्हते. पण तसं सांगायला वडिलांनी जागाच ठेवली नाही.

या चहाचं खरं कारण वेगळं होतं. आईला तीन पावसाळे हिवताप येत होता. गेल्या खेपेला तो पावसाबरोबर गेलाच नाही. एक दिवसाआड यायचा, दुपारी थंडी, मग अंगाची भट्टी, संध्याकाळी घाम. हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्यांनी तिला कमी ऐकू येऊ लागलं होतं. पोटातली पानथरी वाढली आहे, आणखी एक पावसाळा इथे काढू नका, असं दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. ते मी दाराआडून ऐकलं. पावसात नदी चढली की वाट बंद होई आणि मग बदली मिळाली तरी निघता येत नसे. वडिलांनी दोनदा लिहून पाहिलं होतं. उत्तर आलं नव्हतं.

एका सकाळी बूट घालता घालता, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "बाईसाहेबांना इंग्रजीत बोललेलं आवडतं. तू बोलशील तेव्हा आईचं काढ."

मी मान हलवली. घरी कोणी आलं की मी आतल्या खोलीत जात असे, हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी मलाच सांगितलं, कारण स्वतः साहेबांपुढे ते घरचं काही बोलू शकत नव्हते आणि आई तर मुळीच बोलली नसती. पाहुण्यासमोर घरातलं दुखणं काढणं तिच्या माहेरी असभ्य समजत.

साहेब यायचे ते बिनतापाच्या दिवशी, असा आईनं हिशेब बसवला होता. पण त्यांची जीप आष्टीला नदीवर अडकली आणि येणं एक दिवस पुढे गेलं. निरोप आला तेव्हा आईनं बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, "असू दे. चारपर्यंत थंडी उतरते."

पाव आला तो कडक झाला होता, टोस्टला तेच बरं. परसात भांड्यांच्या पाण्यावर वाढलेली टोमॅटोची झाडं होती. शिमगा होऊन गेला होता, शेवटची फळं लहान आणि जाड सालीची होती. आमच्याकडे पाणी भरायला येणाऱ्या बाईनं ती तोडून आणली. चीजचा डबा मी फोडत होते तेव्हा ती वाकून बघत होती.

"हे का होय बाई? मले तं साबणावानी दिसून राह्यलं."

खायचं आहे, दुधाचंच असतं, असं मी सांगितलं. तिनं वास घेतला आणि पदर नाकाला लावला.

"दुधाचं असन. पण त्या दुधाले जाऊन लई दिस झाले." मग हातातला टोमॅटो पुढे करून म्हणाली, "सायबाले हेच लागते काऊन? आमची भेदऱ्याची चटणी दे ना, भाकरीसंगं. दोन भाकरी जास्त खाईन तो."

आई आत हसली. थंडी भरलेली असताना ती हसली, म्हणून मला तो दिवस जरा सोपा वाटला.

पहिला टोस्ट वाया गेला. टोमॅटोच्या रसानं पाव खालून भिजला आणि चीज वर तसंच राहिलं, ढेकळासारखं. शाळेत भट्टी होती, इथे शेगडी. आई गोधडी गुंडाळून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसली. चीजला ती हात लावणार नव्हती, किसणीही तिनं दिली नाही, पण बघत होती. भेदऱ्यातलं पाणी आणि बिया काढून टाक, म्हणाली. पाव आधी एका बाजूनं लोण्यावर भाज, मग उलटून भाजलेल्या बाजूवर सगळं ठेव. वर पितळी झाकण घाल आणि झाकणावर निखारे. तिचे दात वाजत होते, त्यामुळे प्रत्येक वाक्य ती दोनदा सुरू करत होती.

मी तसं केलं. सुरीनं चीजचे पातळ काप काढले, त्यावर टोमॅटोची चकती, मीठ अगदी थोडं, मिरे कुटून. झाकण उचललं तेव्हा चीज वितळून कडांना खाली आलं होतं आणि टोमॅटो आकसून लाल झाला होता. आईनं लांबूनच मान डोलावली. एकीकडे मी ते इंग्रजी वाक्य मनात जुळवत होते. प्रत्येक टोस्टबरोबर ते थोडं लहान होत गेलं.

चारला जीप आली. आई तोवर लुगडं नेसून, वेणी घालून बाहेर आली होती. थंडी उतरली होती आणि ताप चढला होता. पण जे दिसत होतं ते उलटंच होतं. गाल लाल, डोळे चमकदार. मागच्या वर्षभरात ती इतकी सुंदर दिसली नव्हती.

साहेबांनी पहिला टोस्ट खाल्ला आणि दुसरा मागून घेतला. बाईसाहेब थोराड, मोकळ्या स्वभावाच्या होत्या. हे कोणी केलं, असं त्यांनी मला इंग्रजीत विचारलं. मी सांगितलं. क्लबातल्या खानसाम्याला हे जमत नाही, म्हणाल्या. मग आईकडे वळल्या. "वहिनी, इथली हवा तुम्हाला मानवली हो. रंग काय छान आलाय."

तेव्हा मी बोलले. माझी आई खूप आजारी असते, आणखी एक पावसाळा तिला इथे झेपणार नाही, इतकंच, इंग्रजीत. माझा आवाज मलाच परका वाटला. वडील बशीकडे बघत होते.

बाईसाहेबांनी आईला मराठीत विचारलं, काय हो, बरं नसतं का?

आईला कमी ऐकू यायचं, पण हे तिनं ऐकलं. ती हसली. "पोरीचं आपलं काहीतरी. होस्टेलात राहिली ना, साधी शिंक आली तरी तिला डॉक्टर लागतो. आम्ही मजेत आहोत." आणि मला म्हणाली, "साहेबांची बशी रिकामी झाली बघ."

मी टोस्ट वाढले. साहेब वडिलांना म्हणाले की घर असं टापटीप ठेवणारी माणसं असली की जंगलातली नोकरी निभते. तुमच्यासारखा माणूस इथून हलवणं परवडायचं नाही. वडील "होय सर" म्हणाले. टोस्ट अजून गरम होते. माझ्या हातातलं ताट फेकून द्यावंसं मला वाटलं, पण मी ते नीट धरून उभी राहिले.

पुरुष मंडळी डेपोतली लाकडं बघायला गेली. बाईसाहेब निघायच्या आधी आईनं करंडा आणला, त्यांना हळदकुंकू लावलं, खण-नारळ दिला. मग रीतीप्रमाणे बाईसाहेबांनी करंडा हातात घेतला आणि आईला कुंकू लावायला बोट पुढे केलं.

बोट कपाळावर टेकलं आणि तिथेच थांबलं. त्यांनी करंडा खाली ठेवला. हाताची मागची बाजू आईच्या गालाला लावली, मग मानेला. आई मागे सरकली, पण मागे भिंत होती.

"कधीपासून आहे हा?"

"आजचा दिवस येण्याचा आहे," आई म्हणाली. "उद्या नसतो."

बाईसाहेब तिच्याकडे बघत राहिल्या. कुंकू अर्धं लागलं होतं, नाकावर थोडं सांडलं होतं. मग त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, किती वेळा येतो. मी सांगितलं. आई आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत होती. तिला इंग्रजी कळत नव्हतं, पण तिच्याबद्दल चाललंय हे कळत होतं.

साहेब परतल्यावर बाईसाहेब पायरीवरच त्यांना म्हणाल्या, "यांना भरल्या तापात आपल्यासाठी उभं केलंय आपण. पावसाळ्यात इथे ठेवायचं का त्यांना?"

साहेबांनी वडिलांकडे बघितलं. "सांगायचं नाही का?"

"लिहिलं होतं सर," वडील म्हणाले.

नदी चढायच्या आत आमची चांद्याला बदली झाली. तिथे मोठा दवाखाना होता. ताप कमी झाला, पूर्ण गेला असं म्हणता येत नाही. वडील त्या दुपारीबद्दल कधी बोलत नाहीत. आई एकदाच बोलली, भांडी लावताना. पाहुणीनं माझं कपाळ चाचपलं, म्हणाली, आणि कपबश्या मोजू लागली.

आता पाहुणे आले की मी टोस्ट करते. चांद्यात पाव ताजा मिळतो, किसणीही माझी वेगळी आहे. पाहुणी निघताना आई तिला कुंकू लावते, आणि ती करंडा घ्यायला हात पुढे करते तेव्हा आई तो पदराखाली घेते. "माझं झालंय," म्हणते.

कधीकधी पाहुणे गेल्यावर तिचे गाल मला लाल दिसतात. मी जवळ जाते, हात कपाळाकडे नेते. ती माझ्या हातात उष्टं ताट देते आणि आत वळते.