मामाने मीठ चाखणं सोडलं

माझा मामा कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मुख्य आचारी. लहानपणापासून गुटगुटीत, म्हणून सगळे त्याला ढोल्या म्हणायचे. चाळिशीत त्याने ते मनावर घेतलं आणि असा काही बारीक झाला, की आमच्या खानदानाला दुसरा विषयच उरला नाही. 'मामाकडून शीक काहीतरी!' असं आई मला दर घासाला ऐकवायची. वडील त्याच्या सपाट पोटावर टिचकी मारून पाहायचे. आमच्या घरात कौतुकाला ब्रेक नाही.

मामा बारीकच होत राहिला. भर उन्हाळ्यात शेगडीसमोर स्वेटर घालून उभा. केस गळायला लागले, तर म्हणे पाणी खराब आहे. आमच्याकडे आला की बटाट्याचे बारीक बारीक तुकडे करून ताटभर फिरवायचा आणि बाकीच्यांना आग्रह करकरून वाढायचा. त्याला वाढायला जावं, तर 'आत्ताच खाऊन आलोय.' हा माणूस कायम आत्ताच खाऊन आलेला! पुढे पुढे तो जेवायला यायचाच बंद झाला.

मी त्याच कारखान्यात नोकरीला. दुपारी त्याच्याच हातचं जेवते. एके दिवशी सूप खारट, दुसऱ्या दिवशी आळणी. लोक म्हणाले, आचाऱ्याचं लक्ष नाही, प्रेमात पडला वाटतं! मी तडक आत गेले. मामाने पातेल्यात चमचा बुडवला, वास घेतला आणि सूप तसंच परत ओतलं.

"चाखून बघ की!"

"अंदाज आहे मला."

"खड्ड्यात गेला तुझा अंदाज. एक चमचा घे, माझ्यासमोर."

त्याने चमचा बाजूला ठेवून दिला. "नाही जमत गं," तो म्हणाला. "एक चमचा पोटात गेला तरी दिवसभर डोक्यात तेच फिरत राहतं."

एवढा मोठा बाप्या चमचाभर सूपला घाबरत होता.

त्याला अक्षरशः ओढत दवाखान्यात नेलं. नाडी फार मंदावली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा खाण्याचा आजार आहे, पुरुषांनाही होतो. आणखी उशीर केला असता, तर हृदय थांबून जिवावर बेतलं असतं."

"पण तो तर नुसता डाएट..." वडिलांनी सुरुवात केली. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की पुढचं वाक्य त्यांनी गिळून टाकलं. उपचारांसोबत आम्हालाही पथ्य मिळालं: मामाच्या शरीरावर आणि ताटावर कुणी बोलायचं नाही, चांगलंसुद्धा नाही. आमच्यासारख्या बडबड्यांना यापेक्षा तुरुंग बरा.

बरं व्हायला महिने लागताहेत. मध्येच गाडी घसरते. तरी रविवारी तो आमच्याकडे येतो. वडील पंख्याकडे बघत जेवतात, आई ओठ घट्ट मिटून. परवा मामाने चमचाभर सूप तोंडात घातलं, गिळलं, आणि म्हणाला, "ताई, मीठ जास्त झालंय."

आईच्या स्वयंपाकाला नाव ठेवून आजवर कुणी धड सुटलेलं नाही. सूपमध्ये मीठ अगदी बेताचं होतं, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

"हो रे, झालंय खरं," आई डोळे पुसत म्हणाली.