एका प्रमेयाचा सत्कार

तारेचं वेडंवाकडं कडं साबणाच्या पाण्यात बुडवून काढलं की त्यावर कमीत कमी क्षेत्रफळाचा पडदा ताणला जातो. त्या पडद्याला घड्या कुठे नि किती पडू शकतात, या प्रश्नावर मी पेणमध्ये बसून उभी हयात घालवली. जॉमेट्रिक मेझर थिअरी हे त्या विषयाचं भारदस्त नाव. आमच्या आळीत मात्र मी 'फुगेवाले सर'.

एवढ्या वर्षांत माझ्या नावावर एकच दखल घेण्याजोगं प्रमेय जमा झालं. त्याच्या जोरावर रोह्याच्या, म्हणजे माझ्या मूळ गावच्या, ज्ञातिबांधवांनी निवृत्तीनिमित्त महिन्याभरानंतरचा सत्कार ठरवला. त्याच आठवड्यात परदेशात संशोधन करणाऱ्या एका मराठी मुलीची मेल आली. शोधनिबंधात एकोणिसाव्या पानावर आपण 'हे उघडच आहे' असं लिहिलंय, ते कसं, एवढंच तिनं अदबीनं विचारलं होतं. आम्हा गणितवाल्यांची ही खोड जुनी: जिथे सिद्ध करायचा कंटाळा येतो, तिथे आम्ही 'उघड' लिहून मोकळे होतो. चार दिवस डोकं फोडलं. पाचव्या दिवशी प्रमेय खोटं पाडणारं उदाहरणच हाती आलं.

शेजारी गणपतीचा कारखाना आहे. मूर्तीला भेग पडली तर काय करता, असं तिथल्या मूर्तिकाराला सहज विचारल्यासारखं केलं.

"भेगेत लांबी भरायची, वर रंग मारायचा," तो म्हणाला. "इसर्जनापतुर टिकली म्हंजे झालं, सर."

सल्ला मला फारच पटला. माझं प्रमेयही सत्कारापुरतं टिकलं तरी भागणार होतं. मेलला उत्तर दिलं नाही.

रोह्यात शाल, श्रीफळ, मानपत्र सगळं यथासांग झालं. अध्यक्षांना प्रमेयाचं नाव धड उच्चारता येईना, तरी त्यांनी त्याला 'त्रिकालाबाधित' ठरवलं. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःचीच लाज वाटली. मी त्या मुलीला सगळं लिहिलं: चूक माझी, प्रमेय खोटं, मी ते मागे घेतो. स्वतःच्या प्रामाणिकपणानं ऊर थोडा भरूनही आला.

तासाभरात तिचं उत्तर आलं. "सर, महिनाभर तुमच्याकडून काही आलं नाही, तेव्हा माझीच शंका बाळबोध असेल असं वाटलं. प्रबंध मी गेल्या सोमवारी सादर केला. त्याची शेवटची दोन प्रकरणं तुमच्या प्रमेयावर उभी आहेत."