भिंतीवरचा येर्को

तर ती जर्मन बाई किंचाळली, आणि हातातली भोपळ्याची गरम पुरी तिनं तिथंच पायऱ्यांवर टाकून दिली. टाकेल नाहीतर काय? समोरून मेलेला माणूस खांद्यावर गॅसचा सिलिंडर घेऊन चढत येत होता. आत्ताच ती भिंतीवरच्या त्याच्या चित्रापाशी, हनुवटीखाली हात धरून फोटो काढून आली होती. वाटाड्यानं तिला सांगितलं होतं, हा येर्को, बुडाला, समुद्रानं परत दिला नाही. आणि आता तोच येर्को घामाघूम होऊन पुढ्यात उभा!

"घाबरू नका बाई," तो म्हणाला. "मेल्यावर कुणी सिलिंडर वाहतं का?"

आणि गेला वर निघून. त्या दिवसापासून रिगोनं दाढी वाढवली ती आजतागायत.

रिगो जिवंत माणूस. भिंतीवर तोंड त्याचं, खाली नाव येर्कोचं. वाल्पाराइसोच्या आमच्या टेकडीवर हे कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते पाहुण्यांना, आणि ज्यानं भिंत रंगवली त्या अमारोला. आणि सगळं ठाऊक असूनही रोज सकाळी ओलं फडकं घेऊन हात पोचेल तेवढी हनुवटी पुसायची ती रोसाउरा, येर्कोची आई.

रोसाउरा याच टेकडीच्या घळीत जन्मली. तिची आई खलाशांचे कपडे धुवायची, तिनंही धुतले. नवरा बंदरात क्रेनवर होता. उत्तरेकडं तांब्याच्या खाणीत म्हणून गेला आणि तिकडंच दुसरी चूल मांडून बसला. मग रोसाउरानं पायऱ्यांकडच्या खिडकीत कढई ठेवली. पुऱ्या तळायच्या, वर तिखट घालून द्यायच्या. त्या कढईवर येर्को वाढला. डोक्याला दोन भोवरे, म्हणजे हट्टी. शाळा सोडून सिलिंडर वाहायला लागला. वाहून वाहून डावा खांदा असा उतरला की शर्ट नेहमी त्या बाजूला घसरलेला. पुढं त्याला सिलिंडरचा वीट आला आणि तो रिगोबरोबर मासेमारीच्या होडीवर गेला.

त्या सकाळी तो पाव विसरला. रोसाउरानं फडक्यात बांधून ठेवलेला, आत अवोकाडो कुस्करून. खिडकीतून बघते तर हा पायऱ्या उतरत चाललाय. पण समुद्रावर निघालेल्याला आमच्याकडं मागून हाक मारत नाहीत. हाक मारली की ती आधी समुद्र ऐकतो. ती पाव हातात घेऊन उभी राहिली, तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत. वळून काही त्यानं बघितलं नाही. संध्याकाळी रिगो एका रिकाम्या डब्याला धरून किनाऱ्याला लागला. येर्को आणि होडीचा मालक आलेच नाहीत. रिगोनं समुद्र सोडला आणि येर्को वाहायचा ते सिलिंडर खांद्यावर घेतले.

पुढं अमारो आला. राजधानीतला पोरगा, दाढीमिशी फुटायची होती. तेव्हा टेकड्यांवर भिंती रंगवायची नवीनच टूम निघाली होती. त्यानं हकिकत ऐकली आणि म्हणाला, मी येर्कोला भिंतीवर काढतो, फुकट. रोसाउरा नेमकी बहिणीच्या बाळंतपणाला दक्षिणेला निघाली होती. जाता जाता तिनं सांगितलं, "क्लबात फुटबॉलच्या पोरांचा फोटो टांगलाय बघ. गोलकीपरच्या डाव्या हाताला उभा आहे तो माझा."

आता डावा हात कुणाचा? तिनं सांगितला गोलकीपरचा, पोरानं धरला स्वतःचा. गोलकीपरच्या एका बाजूला येर्को होता, दुसऱ्या बाजूला रिगो. आणि काम पुरं होईपर्यंत पोरानं भिंत पोत्यांनी झाकून ठेवली.

रोसाउरा परत आली तेव्हा सगळी टेकडी भिंतीपुढं जमली होती. वाईन होती, गिटार होती. पण वाजवत कुणीच नव्हतं. दोन मजली रिगो दात काढून हसत होता आणि खाली लिहिलं होतं, येर्को. रिगोची आई तर छातीवर क्रूस काढून काढून थकली. जिवंत पोराचं तोंड मेलेल्याच्या भिंतीवर, केवढा अपशकुन! आणि अमारो, रंगानं माखलेला, रोसाउराच्या तोंडाकडं डोळे लावून उभा.

तिनं वर बघितलं. बराच वेळ बघितलं.

"छान आहे," ती म्हणाली. "दात जरा जास्त झालेत."

झालं. गिटार वाजली.

रात्री शेजारणी भांडायला आल्या. "अगं, सांगायचं नाहीस का?"

"दमलं होतं पोर," ती म्हणाली. "पुढच्या उन्हाळ्यात येईल तेव्हा सांगेन. माझ्या घरात येर्कोचे फोटो आहेत. कुठं पळून चाललेत?"

पळून नाही गेले, जळून गेले. अमारो काही फिरकला नाही, आणि एका कोरड्या वर्षी वाऱ्यानं आग घळीतून वर चढवली. रोसाउरा कढई घेऊन पळाली. माणूस अशा वेळी काय उचलेल याचा नेम नाही. घर गेलं, फोटोंचा डबा गेला, क्लब गेला, शेजारचं म्हातारं जोडपं बाहेर पडूच शकलं नाही. दगडी भिंत तेवढी राहिली. काजळी पुसली तर आत रिगो हसतोच आहे.

त्याच जागी पत्र्याचं घर पुन्हा उभं राहिलं. मग येर्कोच्या फोटोसाठी तिनं सगळी टेकडी पालथी घातली. कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोत एका टोपीमागं एक कान सापडला. तो येर्कोचाच, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. ओळखपत्राच्या कचेरीत गेली तर खिडकीतला माणूस म्हणाला, ज्याचं कार्ड त्यानंच यावं.

"तो बुडालाय," ती म्हणाली.

"मग तसा दाखला आणा."

प्रेत सापडलं नाही, त्याचा दाखला कोण देणार?

इकडं पाहुणे वाढत गेले. रुळांवरून टेकडी चढणाऱ्या पेटीत बसून वर यायचं, बंदर बघायचं, रंगवलेल्या पायऱ्यांवर बसायचं, येर्कोच्या भिंतीपाशी फोटो काढायचा, रोसाउराकडं पुरी खायची. परक्या तोंडांतून दिवसभर तिच्या पोराचं नाव निघायचं. कुणी येर्को म्हणे, कुणी जेर्को. कढईशी बसून ती ऐकायची. तेवढ्यासाठी ती गप्प होती. "ज्याचं नाव घेतात तो संपत नाही," म्हणायची.

यंदा वरच्या हॉटेलवाल्यानं उन्हाळ्याआधी भिंती उजळून घ्यायला रंगारी बोलावला. तो निघाला अमारो. आता टक्कल पडलेला, पोट सुटलेला. परांची बांधून झाली, रंग कालवले, आणि रिगोनं खांद्यावरचा सिलिंडर खाली ठेवला.

"दादा, एक सांगतो. ते तोंड माझं आहे."

"चेष्टा करू नकोस."

रिगोनं दोन्ही हातांनी दाढी मागं ओढली आणि दात काढले. अमारो परांचीच्या फळीवर मटकन बसला.

संध्याकाळी तो रोसाउराच्या खिडकीशी आला. "मावशी, का नाही सांगितलंत?"

"पुरी खा."

"मी पुसतो सगळं. खरा येर्को काढतो. फोटो नसू दे, तुम्ही सांगा, मी काढत जातो." त्यानं कोळसा आणि कागद काढला. "नाक कसं होतं?"

"सरळ."

"डोळे?"

"जवळ जवळ. हसला की बारीक व्हायचे."

"भुवया?"

ती सांगत गेली, तो काढत गेला. पायरीवर बसलेला रिगो मान लांब करून कागदात डोकावला आणि त्यानं नजर वळवली. रोसाउरानंही बघितलं. कागदावर रिगो होता.

"नाही, नाही," ती म्हणाली. तिनं डोळे गच्च मिटले. "थांब. सांगते."

कढईत पुऱ्या करपल्या. रिगोनं हात घालून गॅस बंद केला.

"मावशी, राहू दे आज," रिगो हळूच म्हणाला. "उद्या आठवेल."

"नाही आठवायचा," ती म्हणाली. "इतकी वर्षं तुझीच हनुवटी पुसली रे मी. त्याची पुसली गेली."

ती उठली, खिडकीतून वाकली आणि खाली पायऱ्यांकडं बघत राहिली, त्या सकाळी पाव हातात धरून बघितलं होतं तशी. मग बोलायला लागली तर थांबेना. डावा खांदा इतका खाली. शर्ट त्या बाजूला घसरलेला. मानेवर उन्हाचा पट्टा. डोक्यावर दोन भोवरे, एक मध्ये, एक उजवीकडं. चालताना टाचा बुटाबाहेर पडायच्या. अमारोचा हात धावत होता. कागद भरला तेव्हा रिगोनं तो पाहिला आणि तोंडावर हात ठेवला. येर्कोच होता तो.

"पाठमोराच काढ," रोसाउरा म्हणाली. "समुद्राकडं उतरताना."

अमारो चाचरत म्हणाला, "पण मावशी, लोक एवढे चढून येतात ते तोंड बघायला. पाठ बघायला कोण येणार?"

रोसाउरानं करपलेल्या पुऱ्या झाऱ्यानं काढून बादलीत टाकल्या.

"तोंड बघायचंय त्यानं जावं समुद्रात. तिथून दिसेल."