धोंडू हवालदाराची पोरं-पलटण

लढाईवरून आलेले चार जण जमले की तोफांच्या गोष्टी निघतात. आमच्या तुकडीतले जमलो की लंगोट, दूध आणि शेंबूड! काय करणार, आमच्या वाट्याला तीच लढाई आली.

ब्रह्मदेशातून माघारी येताना आईबाप गमावलेली पाच पोरं आमच्या ट्रकांत चढली, ती थेट शहापूरच्या छावणीपर्यंत आली. साहेब म्हणाले, "सोय लागेपर्यंत राहू देत." पोरांचा ताबा मुरबाडकडच्या धोंडू हवालदाराकडे. आणि मी लांगरी, म्हणजे भटारखान्याचा राजा!

*

पहिल्या सकाळी हवालदाराने आंघोळीसाठी हुकूम सोडला, "एका लायनीत उभे ऱ्हावा!"

पोरं ट्रकखाली पसार! चार जवान त्यांना धरायला सरपटत खाली शिरले, बाकीच्यांनी बाजूने बादल्या ओतल्या. जवान ओलेचिंब झाले, पोरं कोरडी ठणठणीत!

*

शिंप्याने पोरांना खाकी कपडे शिवले. परेडला साहेबांनी धाकट्याच्या सदऱ्याकडे बोट दाखवलं, "बटण कुठाय?"

हवालदाराने कडक सलाम ठोकला. "साहेब, पोटात हाय!"

सगळ्या तुकडीचा जीव टांगणीला लागला. दुसऱ्या सकाळी हवालदार धावत आला, "साहेब, बटण हाजिर हाय!"

*

माझं झणझणीत मटण पोरं तोंडाला लावीनात. भाजी विकायला आलेली पाड्यावरची म्हातारी कडाडली, "मुडद्यांनो, पोरांना लढाईवर धाडताव का? पेज द्या, पेज!"

मला राग आला, पण पेज केली. पोरांनी थाळ्या चाटल्या. दुसऱ्या दिवशी निम्मे जवान थाळी घेऊन पेजेच्या रांगेत! माझ्या मटणाची अब्रूच गेली हो.

*

हळूहळू चौघांना घरं मिळाली. उरली ठकी, हे नावही आम्हीच ठेवलेलं. आली तेव्हापासून ती एक अक्षर बोलली नव्हती. हवालदाराला मूलबाळ नव्हतं, तिकडे मुरबाडात त्याच्या बायकोने पोरीसाठी झगासुद्धा शिवून ठेवलेला. पण साहेब म्हणाले, "मुकी पोर खेड्यात कशी वाढेल? मुंबईच्या मुक्यांच्या शाळेत जाऊ दे."

हवालदार दोन दिवस जेवला नाही. मलाही भाकरी गोड लागेना.

ठकीचा आवडता खेळ एकच, पहारा. आमचा पहारेकरी "हुकुमदार!" म्हणजे 'कोण येतंय तिकडे?' असं ओरडायचा, समोरच्याने "फ्रेंड" म्हटलं तरच आत सोडायचा. ठकी काठी घेऊन त्याच्या शेजारी ताठ उभी राहायची, मुकाट.

शाळेच्या बाई मोटारीतून उतरल्या, साहेब त्यांना तंबूकडे घेऊन आले. हवालदार तंबूत ठकीचं गाठोडं बांधत होता आणि ठकी दाराशी काठी घेऊन उभी. बाई हात पसरून पुढे झाल्या, "चल बाळ!"

ठकीने काठी आडवी धरली. "हुकुमदार!"

माझ्या हातातला डाव खाली पडला. हवालदार गाठोड्यासकट बाहेर आला, डोळ्यांना धारा लागलेल्या.

बाई जागीच थांबल्या. साहेब हळूच म्हणाले, "बाई, फ्रेंड म्हणा, म्हणजे ती आत सोडेल."

बाईंनी ठकीकडे पाहिलं, हवालदाराकडे पाहिलं.

"नको साहेब," त्या म्हणाल्या, "मी इथूनच परत फिरते!"